हळकुंडाची साक्ष

तुळशीचे लग्न लागले की आमच्या वऱ्हाडात माणसांच्या लग्नांना ऊत येतो, आणि लग्न झाले की दुसऱ्या दिवशी विहिरीवर हळदीच्या कपड्यांचा ढीग पडतो. मी सहा-सात वर्षांचा असेन. रिसोडकडच्या आमच्या जुन्या वाड्यात मामाचे लग्न झाले होते. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा पंजा उमटलेला. मी मोठ्या शहाणपणाने साबणाची वडी घेतली आणि डाग चोळू लागलो. पाहता पाहता पिवळा पंजा लालभडक झाला. रक्त आले असे वाटून मी जो भोकाड पसरला, त्याने मांडवातली माणसे धावत आली. आजी मात्र शांतपणे हसली. म्हणाली, "अरे बापा, रगत नाही ते. हळद हाय, साबनाले भेली. लिंबू लाव, येते धीर तिले." तिने लिंबाची फोड चोळली, आणि लाल पंजा पुन्हा पिवळा झाला.

पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना प्राध्यापकांनी 'दर्शक' या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहिली. ती मी वहीत उतरवून घेतली खरी, पण मनात आले, ही व्याख्या आपण लिंबाच्या फोडीसकट कधीच शिकलो आहोत.

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी रसायनशास्त्र आणून बसवणे कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. पण ज्या विषयाची ही हकीकत आहे तो आपल्या देव्हाऱ्यातल्या कोयरीत, शाईच्या दौतीत आणि चुलीवरच्या डाळीत पूर्वीपासून बसलेलाच आहे. मी फक्त त्याला ओसरीवर बोलावतो आहे. पाण्यात विरघळलेला, डोळ्यांना न दिसणारा, विजेचा भार अंगी वागवणारा जो कण, त्याला आयन म्हणतात. त्याला रंगावरून किंवा उजेडावरून कसे ओळखावे, हा प्रश्न माणसाने किती जुन्या काळापासून आणि किती परींनी सोडवला, त्याची ही गोष्ट.

'आयन' हा शब्द मायकेल फॅरडे याने १८३४ साली रूढ केला. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी ग्रीक भाषेतून तो त्याला सुचवला. अर्थ 'जाणारा', वाटसरू म्हणा ना. पण शब्द रूढ करण्याच्या आदल्याच वर्षी हे वाटसरू कोणत्या टोकाकडे जातात हे पाहण्यासाठी फॅरडेने काय वापरले असेल? हळदीचा कागद! सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवलेला हळदीचा कागद आणि लिटमसचा कागद त्याने काचेवर एकमेकांना टेकवून ठेवले आणि त्यांतून वीज सोडली. हळदीच्या टोकाला अल्क जमला, तिथे कागद लालसर झाला. लिटमसच्या टोकाला आम्ल जमले, तो तिथे तांबडा झाला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बसून पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या दुकानातला हा जुना उमेदवार जे पाहत होता, ते आमच्या विहिरीवर दर लग्नसराईत दिसत होते. फरक इतकाच की त्याने 'का' विचारले आणि आम्ही कपडे वाळत घातले.

हळदीतल्या पिवळ्या द्रव्याला करक्युमिन म्हणतात. फोगेल आणि पेलेटिए या दोघांनी १८१५ साली ते वेगळे काढले. त्याची खरी रचना कळायला १९१० साल उजाडावे लागले. या रेणूच्या अंगावर सहज सुटणारे हायड्रोजन आहेत. अल्काच्या संगतीत ते निघून जातात आणि रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते. मग तो आधी ज्या रंगाचा प्रकाश गिळत होता तो सोडून दुसराच गिळू लागतो. आपल्या डोळ्याला उरलेला रंग दिसतो, तो लाल. आम्ल मिळाले की हायड्रोजन परत येतात, रंगही परततो. आजीच्या भाषेत भीती आणि धीर. मला अजूनही तिचीच परिभाषा अधिक सुटसुटीत वाटते.

याच गुणाचा आपल्या बायकांनी केलेला सर्वांत मोठा उपयोग म्हणजे कुंकू. सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेले. पण पूर्वी घरोघरीही कुंकू होत असे. हळकुंडे लिंबाच्या रसात भिजत घालायची, त्यात सवागी म्हणजे टंकणखार घालायचा, मुरले की वाळवून कुटायची. आता चौकस वाचक लगेच विचारील: लिंबाने तर लाल हळद पिवळी होते, मग लिंबाच्या रसात मुरवलेले कुंकू लाल कसे राहते? प्रश्न रास्त आहे. हळद नुसत्या चुन्याने लाल केली तर ती घामाने, आंबटाने परत पिवळी होण्याची भीती असते. टंकणखाराची गोष्ट वेगळी, कारण त्याच्यात बोरॉन आहे. आम्लाच्या साक्षीने बोरॉन करक्युमिनला असा धरून बसतो की त्यातून एक नवाच तांबडा रंग तयार होतो. युरोपात श्लुम्बर्गर नावाच्या रसायनज्ञाने १८६६ च्या सुमारास अशा एका संयुगाचे वर्णन केले आणि त्याला 'रोझोसायनीन' असे भारदस्त नाव दिले. त्यानंतर कितीतरी वर्षे दुधात-लोण्यात टिकावासाठी कोणी बोरिक आम्ल मिसळले आहे का, हे तिकडचे तपासनीस हळदीच्या कागदावर पाहत. कागद तांबडा झाला आणि वर अल्काचा थेंब टाकल्यावर हिरवट काळा-निळा पडला, की लबाडी उघड! म्हणजे एकच हळकुंड दोन साक्षी देते: अल्काची वेगळी, बोरॉनची वेगळी.

खारांचा विषय निघाला आहे तर लोणारचे नाव घ्यायलाच हवे. ते बुलढाणा जिल्ह्यात असले तरी वाशीमकरांना घरचेच. उल्का आदळून झालेल्या त्या विवरातले पाणी इतके खारे आणि अल्कधर्मी, की साबण आणि काच यांच्या कामी येणारे खार तिथे निघतात अशी नोंद 'ऐन-इ-अकबरी'त आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे गेलो होतो. आजीच्या हळदीची आठवण ठेवून मी खिशात हळकुंडाचा तुकडा नेला होता. काठावर बसून तो पाण्यात बुडवून रुमालावर घासला. तांबूस रेघ उमटली. गुरुजींनी विचारले, "हे काय चालवलंय?" मी म्हटले, "पाणी साबणाचं आहे का बघतोय." गुरुजींनी कान न पिरगाळता पाठीवर थाप मारली, ही त्या दिवसातली नवलाची गोष्ट. (जून २०२० मध्ये ते तळे गुलाबी झाले तेव्हा हळदीचा काही संबंध नव्हता हे सांगून टाकतो, ती खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची करामत होती, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.)

हळद ही काही या दरबारातली एकटी मानकरी नव्हे. रोमचा प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेला आहे की ताम्रकिटात हिराकस मिसळण्याची लबाडी ओळखायची असेल तर मायफळाच्या काढ्यात भिजवलेला पपायरस वापरावा; भेसळ असली तर तो काळा पडतो. लोखंडाचा आयन आणि तुरट झाडपाल्यातले टॅनिन यांची गाठ पडली की काळा रंग होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई याच तत्त्वावर होत असे. लोखंडी विळीवर आवळा चिरणाऱ्या गृहिणीला तो काळा डाग ठाऊकच आहे. आणि डाळ? नवीन सून घरात आली की तिला पहिल्यांदा सांगितले जायचे ते हे, की अमक्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तमक्या विहिरीच्या पाण्यात लोण्यासारखी शिजते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या जड पाण्याची ती परीक्षा होती. १९४० नंतरच्या काळात झुरिचच्या श्वार्त्सेनबाख यांनी याच परीक्षेला नेमके रूप दिले: लोकर रंगवण्याचा एक काळा रंग पाण्यात टाकला की जड पाणी मद्यासारखे तांबडे दिसते, आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए या द्रव्याने बांधून टाकले की निळे होते. किती थेंब लागले ते मोजले की झाले. डाळ शिजायची वाट पाहायला नको.

इथपर्यंत सारे घरगुती झाले. यापुढे मात्र प्राणाशी गाठ आहे.

वाशीम हे नाव वत्सगुल्म या प्राचीन नावावरून आले. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इथलाच. गावात तीर्थे एकशे आठ असल्याचे सांगतात. इंग्रजी अमलात बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ साली तो मोडून वाशीमचा भाग अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. इतक्या उलथापालथीत पायाखालचा काळा पाषाण तेवढा बदलला नाही. या पाषाणाच्या भेगांत साठेल तेच आमचे पाणी. पूर्वी त्याची पारख जिभेवर होती: गोड, मचूळ, खारे. पण दोन आयन असे आहेत की ते प्रमाणाबाहेर असले तरी जिभेला पत्ता लागत नाही, पाणी काचेसारखे नितळ दिसते. एक फ्लोराइड, दुसरा नायट्रेट.

फ्लोराइडाची करणी भारतात १९३७ साली उजेडात आली. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकलेली माणसे पाहिली. दातांवर तपकिरी पट्टे, पाठीचा कणा लाकडासारखा ताठ. कारण निघाले विहिरीचे पाणी. आपल्या विदर्भात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही गावांत हेच दुखणे आहे, आणि यवतमाळ म्हणजे वाशीमचा सख्खा शेजारी. फ्लोराइड ओळखण्याची रीत मोठी मजेदार आहे, कारण इथे रंग येत नाही, जातो. झिर्कोनियम हा धातू एका रंगाला घट्ट धरून बसलेला असतो. फ्लोराइड आले की ते झिर्कोनियमला ओढून नेते आणि रंग ओकाबोका पडतो. जितका रंग फिका, तितके पाणी वाईट. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही खेड्यात वापरता येईल अशी फ्लोराइडची पेटी बनवली आहे. आणि नागपूरच्या नीरी या संस्थेने (१९५८ साली ती निघाली तेव्हा तिचे नाव वेगळे होते) १९७० नंतरच्या वर्षांत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा' पद्धत दिली. तुरटी-चुना, म्हणजे पुन्हा घरचेच जिन्नस!

नायट्रेटाची हकीकत मद्याच्या भट्टीतून येते. पीटर ग्रीस हा जर्मन रसायनज्ञ १८६२ पासून इंग्लंडात बर्टन येथे ऑलसॉप यांच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. दिवसा कारखान्याचे काम, उरलेल्या वेळात संशोधन. ज्या डायझो संयुगांतून पुढे शेकडो कापडी रंग निघाले ती त्यानेच १८५८ साली प्रथम बनवली होती. १८७९ साली त्याने तोच मार्ग उलटा चालून पाहिला: रंग बनवायला नायट्राइट लागते, तर रंग बनला म्हणजे नायट्राइट असले पाहिजे. पाण्यात ते नावालाही असले तरी गुलाबी-तांबडी छटा उमटते. नायट्रेट असेल तर जस्तासारख्या धातूच्या भुकटीने त्याचे आधी नायट्राइट करायचे, की तीच परीक्षा चालते. आज खेड्यापाड्यांत नायट्रेट तपासण्याच्या पुड्या येतात, त्यांत बहुधा हा बर्टनचा गृहस्थच दडलेला असतो.

हे सारे झाले पांढऱ्या उजेडातले. रंगाची सख्खी धाकटी बहीण म्हणजे दीप्ती, आणि तिच्या वाटेवरही एक लाकडी पेला आहे. सेव्हिलचा वैद्य मोनार्देस याने १५६५ साली मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाबद्दल लिहिले, की त्याचा तुकडा पाण्यात टाकला की पाणी निळसर चमकते. आपल्या रानातला बिवळा, ज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेही लोक सकाळी पितात, त्याच्या पाण्यातही तशी निळी झाक दिसते. रॉबर्ट बॉइल याने १६६४ साली त्या मेक्सिकोच्या लाकडाच्या पाण्यात आम्ल घातले तेव्हा निळी चमक विझली. अल्क घातला तेव्हा परतली. आजीची लिंबाची फोडच ती, फक्त रंगाऐवजी उजेडावर चोळलेली. पुढे १८५२ साली स्टोक्स यांनी या प्रकाराला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले, आणि १८६७ साली गॉपेल्सर्योडर यांनी दाखवले की लाकडातून काढलेल्या मोरिन नावाच्या पिवळ्या द्रव्याला ॲल्युमिनियमचा आयन भेटला की ते हिरवे चमकू लागते. एक नेमका आयन येतो आणि दिवा लागतो, ही ती सुरुवात.

यानंतर एक शतक निघून गेले असे म्हटले तरी चालेल. १९६७ साली ड्यूपाँ कंपनीतल्या चार्ल्स पेडरसन याने मुकुटाच्या आकाराचे रेणू जाहीर केले. हा गृहस्थ कोरियात जन्मलेला, बाप नॉर्वेचा, आई जपानी, आणि डॉक्टरेट नाही ती नाहीच. मुकुटाच्या भोकात पोटॅशियम बसते, सोडियम नीट बसत नाही. म्हणजे कुलूप मिळाले. कुलपाला घंटा जोडण्याचे काम इतरांनी केले. रॉजर त्सिएन यांनी १९८० नंतर जिवंत पेशीतला कॅल्शियम उजेडाने दाखवणारी द्रव्ये बनवली. श्रीलंकेत जन्मलेले आणि बेलफास्टला शिकवणारे ए. पी. डी सिल्वा यांनी कुलूप आणि दिवा यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांचा एक चोरदरवाजा ठेवला: आयन नसताना त्यातून शक्ती गळून जाते आणि दिवा विझलेला राहतो, आयन बसला की दरवाजा बंद, दिवा सुरू. त्यांच्या रेणूंवर चालणारी रक्ततपासणीची यंत्रे इस्पितळांत गेली आणि थेंबभर रक्तातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम सांगू लागली. पेडरसनला १९८७ चे, त्सिएनना (दुसऱ्या एका चमकणाऱ्या द्रव्यासाठी) २००८ चे नोबेल मिळाले.

आज हे काम मोठ्या संस्थांपुरते राहिलेले नाही. ह्यूगो शिफ याने १८६४ साली दाखवलेली साधी अभिक्रिया हाताशी असली की लहान गावातल्या महाविद्यालयातही नवा संवेदक रेणू बनवता येतो: दोन द्रव्ये, थोडे अल्कोहोल, तासाभराची आंच, आणि चंचुपात्रात पिवळे स्फटिक. मग एका रांगेत परीक्षानळ्या मांडायच्या. एकीत तांबे, एकीत जस्त, एकीत पारा, एकीत लोखंड. बारा नळ्या फिकट राहतात आणि तेरावी निळी होते. त्या क्षणाचा आनंद मी जवळून पाहिला आहे. पण एक कटू गोष्ट बोलून दाखवतो. यांतले कितीतरी रेणू शुद्ध द्रावकात तीक्ष्ण दृष्टीचे असतात आणि विहिरीच्या पाण्यात उतरले की आंधळे होतात. तिथे दहा आयनांची गर्दी, गाळ, शेवाळ, चुना. एका नळीच्या निळाईवर 'शोध लागला' म्हणणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे. खरा संवेदक तो, जो बादलीतल्या पाण्यात खरे बोलतो.

बादलीतल्या पाण्याची ही परीक्षा आता बायकांच्या हाती आली आहे. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहतो, ती 'ओटी टेस्ट' सर्वांच्या परिचयाची. पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते; म्हणजे गावच एक परीक्षानळी. २०१९ च्या जलजीवन मिशनपासून प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणीची पेटी चालवायला शिकवण्याची योजना आली.

आमच्या वाड्याच्या विहिरीचा आम्हांला फार अभिमान. डाळ शिजते, पाणी गोड, उन्हाळ्यातही हात-दोन हात टिकते. काही वर्षांपूर्वी पुतणी बाळंतपणाला आली. तिला दूध पुरेना, म्हणून बाळाला पावडरीचे दूध सुरू केले, आणि आम्ही शहाण्या माणसांनी विहिरीचे पाणी दहा-दहा मिनिटे उकळून त्यात ते कालवले. एके दुपारी गावातली तपासणी करणारी बाई पेटी घेऊन ओसरीवर आली. तिने नळीत पाणी घेतले, पुडी टाकली, हलवली आणि घड्याळ पाहिले. पाणी गुलाबी होत गेले, मग गडद गुलाबी. तक्त्यावरच्या ४५ च्या चौकोनाशी, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेशी, तिने नळी धरली. नळी अधिक गडद होती.

"उकळून देतो आम्ही," माझी वहिनी म्हणाली.

"ताई, उकळल्यानं हे जात नाही," ती म्हणाली. "पाणी आटतं अन् हे वाढतं."

तिचे बरोबर होते. अमेरिकेत आयोवा येथे हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ साली निळी पडलेली तान्ही बाळे पाहिली, ती अशाच विहिरींच्या पाण्यावर वाढत होती. नायट्रेटामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती मंदावते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही वाशीमच्या शेजारची नावे नायट्रेटासाठी आलेली मी नंतर वाचली. शेतातला युरिया, गोठ्याचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा. आमच्या विहिरीपासून तिन्ही हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोयच नव्हती.

बाळाचे ओठ, नखे त्या संध्याकाळी आम्ही कंदिलाच्या जवळ नेऊन दहादा पाहिली. गुलाबी होती. त्याच रात्रीपासून बाळासाठी पाणी दुसरीकडून येऊ लागले. बाईने वहीत विहिरीचे नाव लिहिले, पुढे आकडा लिहिला, आणि वहिनीची सही घेतली. उकिरडा पुढच्या पावसाळ्याआधी हलवला. विहिरीवर अजून कपडे धुतले जातात. गेल्या वर्षी त्याच बाळाच्या मावशीचे लग्न झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून एक लहानगा लाल झालेला सदरा घेऊन रडत आत आला. वहिनी फळीवरचे लिंबू शोधत होती.